मडक्यावरची माणसं

म्युनिकच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात मातीची एक बाटली आहे. खाली गोल, फुगीर पोट. पोटाच्या माथ्यावरून दोन पोकळ नळ्या निघतात, कमानीसारख्या वळून एकमेकींना मिळतात आणि तिथून एकच सरळ तोटी वर जाते. आकार घोड्याच्या रिकिबीसारखा, म्हणून युरोपीय लोकांनी तिला रिकिबीचंच नाव दिलं. ती घडवणाऱ्या कुंभाराने मात्र जन्मात घोडा पाहिलेला नव्हता. पोटावर मलईच्या रंगाचा लेप आणि त्यावर गेरूसारख्या तांबूस रंगाने, बारीक रेघांत काढलेलं चित्र. ते एका नजरेत दिसत नाही. बाटली हळूहळू फिरवत जावी, तसं उलगडतं.

वरच्या भागात चार मुख्य व्यक्ती आहेत. पहिल्याच्या डोक्यावर निमुळता टोप, त्यावर चंद्रकोरीच्या आकाराचं शिरोभूषण, आणि डोक्याखांद्यांतून फुटलेले किरण. हातात उंच चषक. त्याच्यासमोर उभा आहे तो अर्धा माणूस, अर्धा पक्षी. तिसरी बाई आहे. तिच्या लांब वेण्यांची टोकं सापाच्या तोंडांत संपतात आणि डोक्यावर दोन मोठे तुरे आहेत. चौथ्याच्या पोशाखाला दातेरी कडांचे पट्टे लोंबताहेत. जवळच एक कुत्रं. खालच्या भागात नागडे पुरुष बसलेत, हात पाठीमागे बांधलेले, आणि त्यांचे गळे कापले जाताहेत. वरच्या चषकात काय आहे ते मग कोणाला विचारावं लागत नाही.

ही बाटली पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांची. इ.स. १०० ते ८०० हा साधारण त्यांचा काळ. इंकांचं साम्राज्य उभं राहिलं तेव्हा त्यांना संपून सहाशे वर्षं झाली होती. मोचेंना लिपी नव्हती. त्यांच्या राजांच्या वंशावळी नाहीत, शिलालेख नाहीत, एकाही माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. आहेत ती मडकी, हजारोंनी. त्यांच्यावरचा हा किरणांचा पुरोहित, हा पक्षी, ही वेण्यांची बाई म्हणजे कोण? विसाव्या शतकात बराच काळ उत्तर सोपं वाटत होतं: देव असणार. पुराणातली गोष्ट असणार. १९८७ साली ते उत्तर मोडलं. पण त्याआधी ही माणसं मडक्यांवर आली कशी, ते पाहायला हवं.

पेरूचा किनारा समुद्राला लागून असला तरी वाळवंट आहे. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह थंड, त्यामुळे धुकं येतं, पाऊस येत नाही. मासळी मात्र त्याच थंड पाण्यामुळे अमाप. अँडीज पर्वतातून उतरणाऱ्या लहान नद्या हे वाळवंट चिरत समुद्राकडे जातात. प्रत्येक नदीकाठी एक हिरवी पट्टी, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये रखरखीत वाळू. लांबायेके, हेकेतेपेके, चिकामा, मोचे, विरू, सांता: या नद्यांची नावं सांगितली की मोचेंचा प्रदेश सांगून झाला.

नदीला पाट काढला की मका पिकतो, मिरची पिकते, भोपळा, शेंगा, कापूस पिकतो. पण पाट खणायला शेकडो हात लागतात, पाणी वाटायला ज्याचा शब्द चालेल असा कोणीतरी लागतो, आणि वरच्या गावाने पाणी अडवलं की खालच्या गावाशी भांडण ठरलेलं. (हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.) ज्यांचा शब्द पाण्यावर चालला ते मोठे झाले. त्यांनी कच्च्या विटांचे डोंगर उभारले. मोचे नदीकाठचा ‘हुआका देल सोल’ हा त्यांतला सर्वांत मोठा. हुआका म्हणजे पवित्र जागा. त्याला १३ ते १४ कोटी विटा लागल्या असाव्यात असा अंदाज आहे. विटांवर बोटांचे ठसे, रेघा, वर्तुळं अशा शंभराहून अधिक तऱ्हेच्या खुणा सापडतात. कोणत्या गावाने किती विटा घातल्या, याचा तो हिशेब असावा.

या सगळ्या व्यवस्थेला एक मोठा धोका होता. काही वर्षांच्या अंतराने समुद्राचं पाणी एकाएकी तापतं. मासळी नाहीशी होते, वाळवंटात मुसळधार पाऊस कोसळतो, पाट फुटतात, कच्च्या विटा विरघळतात. आज आपण त्याला एल निन्यो म्हणतो आणि आपल्या मान्सूनच्या बातम्यांत त्याचं नाव ऐकतो. ज्या प्रदेशात आभाळ असं बेभरवशाचं, तिथे राज्य करणाऱ्याला नुसतं पाणी वाटून भागत नाही. आभाळाशी आपली काही बोलणी चालू आहेत, हे त्याला दाखवत राहावं लागतं. हुआकाच्या भिंतींवर रंगीत चित्रं होतीच, पण ती तिथवर जाणाऱ्याला दिसणार. मडकं हातोहात फिरतं. मेजवानीत येतं, दुसऱ्या खोऱ्यात भेट म्हणून जातं, आणि शेवटी धन्याबरोबर जमिनीत उतरतं.

मोचे कुंभाराकडे चाक नव्हतं. कोलंबसाआधी अख्ख्या अमेरिका खंडातच कुंभाराचं चाक नव्हतं. त्याचं काम साच्यावर चाले. साचा दोन अर्ध्यांचा. मळलेली माती प्रत्येक अर्ध्यात आतून बोटांनी दाबत जायची, दोन्ही अर्धी जोडायची, दरज ओल्या मातीने बुजवायची. फुटलेल्या भांड्यांच्या आतल्या बाजूला त्या बोटांचे दाब अजून दिसतात. नळ्या काठीभोवती माती लपेटून वेगळ्या करायच्या आणि मग वाकवून जोडायच्या. गुळगुळीत दगडाने घोटायचं, पातळ मातीचा लेप द्यायचा, रंगवायचं, आणि हवा खेळती ठेवून भाजायचं, म्हणजे तांबडा रंग उठतो. रंगवणारा काही वेळा आधी बोथट टोकाने हलक्या रेघा ओढून चित्राचा अंदाज घ्यायचा. उजेडात बाटली तिरकी धरली तर काही ठिकाणी त्या रेघा दिसतात, आणि शेवटचं चित्र त्यांच्यापेक्षा थोडं सरकलेलंही दिसतं. फुगीर पोटावर, पुसायची सोय नसताना, एका ओघात ओढलेली रेघ पाहिली की या माणसांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नसावं असं वाटतं. आणि हात ओळखता येतात: डोळा कसा काढलाय, पायाची बोटं कशी, यावरून अभ्यासकांनी एकाच चित्रकाराच्या अनेक बाटल्या वेगळ्या काढल्या आहेत.

या भांड्यांवर काय नाही? हरणांची शिकार आहे. बेटांवर सोटे घेऊन समुद्रसिंहांमागे धावणारी माणसं आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या एका पसरट तोंडाच्या भांड्यावर तर विणकरणींची अख्खी ओळ बसली आहे, मागाचं एक टोक खांबाला, दुसरं कमरेला बांधून. हातात पिशव्या घेऊन धावणारे जासूद आहेत आणि त्यांच्या अवतीभवती ठिपके-रेघा काढलेल्या शेंगांच्या बिया. या बिया म्हणजे आपण बाजारातून ‘डबल बी’ म्हणून आणतो त्याच जातीच्या. आणि माझं आवडतं चित्र: वस्तूंचं बंड. टोप, ढाली, सोटे यांना हातपाय फुटलेत आणि ते माणसांचा पाठलाग करून त्यांना पकडताहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पेरूतल्या हुआरोचिरी भागात केचुआ भाषेत लिहून ठेवलेल्या दंतकथांत सूर्य मेला तेव्हा खल आणि पाटे माणसांना खाऊ लागले, अशी एक कथा आहे. म्हणजे मोचे संपल्यावर आठशे वर्षांनीही अशी गोष्ट अँडीजमध्ये कोणीतरी सांगत होतं.

पण सगळ्यांत जास्त जागा घेतली आहे ती लढाईने. ही लढाई विचित्र आहे. किल्ल्याला वेढा नाही, गावं जळत नाहीत, बायकापोरं पळत नाहीत. भरजरी पोशाखातले वीर जोडीजोडीने भिडतात. जिंकणारा हरणाऱ्याचे केस धरतो, नाकावर ठोसा मारून रक्त काढतो, त्याचा टोप आणि कपडे उतरवतो, त्याची शस्त्रं गाठोडं बांधून आपल्या सोट्याला अडकवतो आणि गळ्यात दोर घालून त्याला चालवत नेतो. पुढच्या चित्रात तेच बंदी हुआकाच्या पायऱ्यांशी. आणि शेवटी म्युनिकच्या बाटलीवरचा प्रसंग. ही लढाई खऱ्या शत्रूशी होती की आपसांत ठरवून केलेला विधी, यावर तज्ज्ञांचा वाद आहे. बहुतेक चित्रांत दोन्ही बाजूंचा पोशाख सारखाच, म्हणून विधी म्हणणारे अधिक. मला या दोन गोष्टींत एवढी भिंत दिसत नाही. पाण्यावरून खोऱ्याखोऱ्यांत वैर असताना लढाईला विधीचं रूप देता येतं, आणि विधीच्या लढाईतही माणूस खराच मरतो.

त्याच कुंभारांनी आणखी एक गोष्ट केली, जी जुन्या अमेरिकेत जवळपास दुसऱ्या कोणी केली नाही. त्यांनी माणसांचे चेहरे घडवले. देवाचा नव्हे, ‘एक योद्धा’ असा ठोकळाही नव्हे, तर अमुकच एका माणसाचा चेहरा: जाड गाल, बसकं नाक, एका बाजूला वाकलेलं हसू. डोक्याच्या आकाराची ही भांडी शेकडोंनी सापडली आहेत आणि जवळपास सगळी पुरुषांची आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले ख्रिस्तोफर डॉनन यांनी जगभरच्या संग्रहांतली ही भांडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा एकच माणूस पुन्हा पुन्हा दिसू लागला. त्याच्या वरच्या ओठावर डाव्या बाजूला जखमेचा व्रण आहे. डॉनन यांनी त्याला ‘ओठफाट्या’ असं नाव दिलं. त्याची चाळीसहून अधिक भांडी त्यांनी ओळखली: दहाएक वर्षांचा पोरगा, मग उमदा तरुण, मग तिशीतला दिमाखदार पुरुष, कानात मोठ्या चकत्या, डोक्याला नक्षीचं फडकं. आणि मग तोच चेहरा, गळ्यात दोर घातलेला. आयुष्यभर ज्याचा चेहरा घडवला तो एका लढाईत हरला असणार, असं डॉनन यांचं म्हणणं. मोचे इतिहासात चरित्र म्हणता येईल असं आपल्या हाती हे एवढंच आहे, आणि त्याला नाव नाही.

स्पॅनिश लोक आले तेव्हा या जागांचं महत्त्व त्यांच्या लेखी एकच होतं: सोनं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मोचे नदीचा प्रवाहच वळवून हुआका देल सोलवर सोडला, म्हणजे विटा वाहून जातील आणि आतलं हाती लागेल. त्या डोंगराचा दोन-तृतीयांश भाग तेव्हा गेला. पुढे हे काम छोट्या प्रमाणावर, पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं. जुन्या भांड्याला तिथे ‘हुआको’ म्हणतात आणि ती खणून काढणाऱ्याला ‘हुआकेरो’. ऊसतोडीचं काम नसलं की हातात लांब सळई घ्यायची, वाळूत खुपसत जायचं, सळई भसकन आत गेली की खाली थडगं. भांडं शहरातल्या संग्राहकाला विकायचं. ते कोणत्या खोऱ्यातलं, कोणाच्या उशाशी होतं, बरोबर आणखी काय होतं, हे कोण लिहून ठेवतो?

जर्मन पुरातत्त्वज्ञ माक्स ऊले यांनी १८९९ मध्ये हुआका देल सोलच्या परिसरात पहिलं शिस्तीचं उत्खनन केलं. पण या भांड्यांना खरा धनी भेटला तो राफाएल लार्को ओइले. चिकामा खोऱ्यातल्या चिक्लिन इथल्या उसाच्या मळ्याच्या मालकाचा हा मुलगा. १९२६ साली मळ्यावरच त्याने संग्रहालय काढलं आणि दिसेल तो संग्रह विकत घेत सुटला. आज हे संग्रहालय लिमात आहे, सुमारे ४५ हजार वस्तूंचं, आणि त्याच्या कोठारातल्या फळ्यांवर ओळीने मांडलेले चेहरे पाहुण्यांनाही पाहता येतात. लार्कोची नजर तीक्ष्ण होती. तोटीचा आकार, तिच्या ओठाची जाडी यांवरून त्याने मोचे काळाचे पाच टप्पे पाडले. त्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण अभ्यास त्याच पायावर उभा राहिला. ठिपक्यांच्या डबल बिया ही मोचेंची लिपी आहे असंही त्याचं म्हणणं होतं. ते फारसं कोणाला पटलं नाही. चूक असेल, पण हजारो मडक्यांसमोर बसलेल्या माणसाला कुठेतरी अक्षर सापडावं असं वाटलं, यात नवल नाही.

१९७० च्या दशकात डॉनन यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. मोचे चित्रांत वाटेल ते नाही. मोजकेच प्रसंग आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा आहेत, कधी पूर्ण, कधी त्यातली एकच व्यक्ती. आपल्याला यात नवीन काही वाटणार नाही. कमरेवर हात ठेवलेली आकृती कुठेही, कितीही ओबडधोबड दिसली तरी खाली नाव लिहावं लागत नाही. तसंच मोचे माणसाला नुसते दोन तुरे आणि वेण्या दिसल्या की ‘ती’ कळत असणार. डॉनन यांनी म्युनिकच्या बाटलीवरच्या प्रसंगातल्या व्यक्तींना नावं न देता अ, ब, क, ड अशी अक्षरं दिली आणि जगभरच्या भांड्यांवर त्यांना शोधायला सुरुवात केली. यात मोठा वाटा डोना मॅक्लेलंड यांचा. बाटलीच्या चारी बाजूंचे फोटो घेऊन, तिच्याभोवतीचं चित्र सपाट कागदावर उलगडून त्या रेखाटत. अशी शेकडो रेखाटनं त्यांनी केली. आज पुस्तकांत मोचे चित्र सरळ पट्टीसारखं दिसतं ते बरेचदा त्यांच्या हातचं असतं. त्यांच्याआधी बर्लिनच्या गेर्ट कुट्शर यांनीही अशी उलगडलेली चित्रं छापली होती.

तरीही ‘अ, ब, क, ड’ हे देवच, ही समजूत कायम होती. माणसाच्या खांद्यातून कुठे किरण निघतात?

१९८७ च्या फेब्रुवारीत, लांबायेके खोऱ्यातल्या सिपान गावाजवळ ‘हुआका राहादा’ नावाच्या झिजलेल्या टेकाडात हुआकेरोंची एक टोळी रात्री शिरली. राहादा म्हणजे चिरलेली. त्यांच्या हाती सोन्याने भरलेलं थडगं लागलं. वाटणीवरून त्यांच्यात जुंपली, बातमी पोलिसांपर्यंत गेली, आणि पोलिसांनी लांबायेकेच्या ब्रूनिंग संग्रहालयाचे संचालक वाल्तेर आल्वा यांना बोलावून जप्त केलेल्या वस्तू दाखवल्या. आल्वांनी टेकाडावर तळ ठोकला. गाव विरोधात होतं: ‘आमच्या पूर्वजांचं सोनं, तुम्ही कोण?’ टोळीतला एक जण पोलिसांच्या गोळीने मेल्यावर तर फारच. पहारा ठेवून, खालून येणाऱ्या शिव्या ऐकत उत्खनन सुरू झालं.

आधी सापडली मडकी. एका खोलीत ११३७ भांडी, घाईने साच्यातून काढलेली, माणसांच्या आकाराची: गळ्यात दोर असलेले बंदी, योद्धे, वाजंत्री. नंतर एका माणसाचा सांगाडा, ज्याची पावलं कापलेली होती. पहारेकऱ्याने जागा सोडू नये म्हणून, असा तर्क. त्याच्याखाली लाकडी तुळयांचं छत, आणि छताखाली तांब्याच्या पट्ट्यांनी बांधलेली शवपेटी.

पेटीत साधारण चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष होता. गळ्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ: दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या, सोन्याच्या उजवीकडे आणि चांदीच्या डावीकडे. (भुईमूग आपल्याकडे आला तो दक्षिण अमेरिकेतूनच. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्या आपल्याला ही माळ पटायला हरकत नाही.) कानातल्या चकत्यांवर पिरोजा खड्यांच्या पार्श्वभूमीवर अंगठ्याएवढा सोन्याचा योद्धा उभा होता, त्याच्या गळ्यात घुबडांच्या मुंडक्यांची इवलीशी माळ आणि नाकात हलणारं आभूषण. डोक्याशी चंद्रकोरीच्या आकाराचं मोठं सोन्याचं शिरोभूषण. कमरेमागे लोंबणारी, पाचरीच्या आकाराची धातूची पानं. घंटा. पेटीच्या आजूबाजूला बायका, पुरुष, एक मूल. आणि एक कुत्रं.

डॉनन यांनी यादी जुळवून पाहिली. कोरीचं शिरोभूषण, चकत्या, कमरेचं पान, कुत्रं: बाटलीवरचा ‘अ’. तो देव नव्हता. तो त्या देवाच्या वेषात उभा राहणारा माणूस होता, आणि त्या वेषासह त्याला पुरलं होतं. शंका घ्यायला थोडी जागा होती, पण पुढच्या थडग्याने तीही उरली नाही. जवळच सापडलेल्या दुसऱ्या पुरुषाच्या डोक्याशी पंख पसरलेल्या घुबडाचं शिरोभूषण आणि हाताशी तांब्याचा चषक होता. ‘ब’, पक्षी. मग १९९१ मध्ये हेकेतेपेके खोऱ्यात, सान होसे दे मोरो इथे डॉनन आणि लुईस हाइमे कास्तियो यांना एका स्त्रीचं थडगं मिळालं. शवपेटीबाहेर धातूचे दोन मोठे तुरे आणि आत तिचे दागिने. ‘क’. पुढच्याच वर्षी तिथे तशीच आणखी एक स्त्री सापडली.

सिपानचा पुरुष आणि मोरोची स्त्री यांच्यामध्ये काही शतकं आणि एक आख्खं वाळवंट आहे. म्हणजे हे एका राजाचं सोंग नव्हतं. ही पदं होती. एक मेला की दुसरा तोच टोप घालून उभा राहायचा. खोरी वेगळी, सत्ता वेगळ्या, कधी एकमेकांवर उठलेल्या, पण प्रयोग तोच. मडक्यांवरची चित्रं त्या प्रयोगाची संहिता म्हणायला हवीत. आणि १९९५ मध्ये हुआका देल सोलसमोरच्या ‘हुआका दे ला लुना’च्या एका पटांगणात स्टीव बूर्जे यांना चित्राचा खालचा भागही सापडला: किमान सत्तर तरुण पुरुषांची हाडं. जॉन व्हेरानो यांनी ती तपासली. मानेच्या मणक्यांवर सुरीचे वार, आणि अंगावर आधीच्या लढायांतल्या बऱ्या झालेल्या जखमा. त्यांच्याबरोबर कच्च्या मातीच्या, दोर बांधलेल्या नागड्या बंद्यांच्या मूर्ती मुद्दाम फोडून टाकलेल्या. हाडं चिखलाच्या थरांत रुतलेली होती. वाळवंटात चिखल होतो तो एल निन्योच्या पावसातच.

या सगळ्या उलगड्यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सिपानचा माणूस ओळखता आला तो मडक्यांमुळे. ती मडकी मात्र बहुतेक अशाच चोरांनी काढलेली, थडग्यापासून तोडलेली. आणि त्या फेब्रुवारीच्या रात्री टोळीने फोडलेलं थडगं कोणाचं होतं, ते आता कळणार नाही. त्यातल्या वस्तू जगभर विकल्या गेल्या. १९९० मध्ये अमेरिकेने सिपानच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. कमरेचं एक सोन्याचं पान १९९७ मध्ये एफबीआयने सापळा लावून पकडलं आणि ते पेरूला परत गेलं. लांबायेकेत २००२ मध्ये मोचे हुआकाच्या आकाराचं नवं संग्रहालय उघडलं. शिव्या देणाऱ्या सिपान गावात आता पर्यटक येतात.

मोचे संपले कसे? एका घावात नाही. पेरूच्या हिमनद्यांच्या बर्फाचे थर सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घ अवर्षण सांगतात. पूर आणि वाळूचे लोंढे यांच्याही खुणा आहेत. पाऊस थांबवायला किंवा आणायला ज्यांनी रक्त दिलं त्यांचं पाऊस ऐकत नव्हता. दक्षिणेकडच्या खोऱ्यांतली जुनी केंद्रं ढासळली. उत्तरेत, मोरोसारख्या ठिकाणी, प्रयोग आणखी काही पिढ्या चालला. तिथल्या शेवटच्या बाटल्या मला सगळ्यांत अस्वस्थ वाटतात. जुन्या चित्रकाराने मोकळी जागा सोडली होती. हे चित्रकार इंचभरही सोडत नाहीत. सगळीकडे समुद्राच्या लाटा, लव्हाळ्याच्या होड्या, आणि त्या होड्यांतून माठ आणि बंदी घेऊन चाललेली ती तुऱ्यांची बाई. किरणांचा पुरोहित मागे पडत गेला, ती मात्र वाढत गेली. त्याच थडग्यांत पर्वताकडच्या वारी लोकांच्या तऱ्हेची रंगीबेरंगी भांडी दिसू लागतात. साधारण ८०० नंतर बारीक रेघांचं काम थांबलं.

साचे थांबले नाहीत. त्याच खोऱ्यांत पुढे चिमू लोकांचं राज्य झालं आणि त्यांचे कुंभार रिकिबीची तोटी काढतच राहिले. पण त्यांची भांडी धुरात भाजलेली, काळी, एकरंगी. त्यांच्यावर कोणी चषक घेऊन उभं नाही, कोणाच्या वेण्यांना साप नाहीत. तोटी जिथे कमानीला जोडली आहे, त्या सांध्यावर पुष्कळदा एक छोटंसं माकड बसवलेलं असतं.